वाशिष्ठीचा गाळ उपसताय, पण तो येतोय कुठून?

प्रति,
वाशिष्ठी आणि शिव नदीतल्या गाळाच्या कामावर ज्यांची सही लागते ते सर्व अधिकारी, आणि त्या कामाचा नारळ फोडणारे लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

पावसाळा संपला की चिपळुणात गाळाच्या निविदेची चर्चा सुरू होते आणि शिमगा उलटला की नदीत पोकलेन उतरतात. यंदाही उतरतील. त्या कामाच्या अंदाजपत्रकात एक छोटं कलम वाढवा, गाळ नेमका कुठून येतो याचा शास्त्रीय अभ्यास करून घ्या, असा अर्ज मी रीतसर केला होता. पोच मिळाली, पुढे उत्तरही मिळालं. ही बाब मंजूर कामात बसत नाही, एवढंच त्यात होतं. ज्या टेबलावर माझा अर्ज गेला त्या टेबलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना गाळ काढायचा हुकूम होता, शोधायचा नव्हता. हुकूम देणारे तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि ते उघड लिहितेय, कारण वरच्या वाड्यांतल्या आणि खालच्या बाजारपेठेतल्या लोकांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

सुरुवातीलाच सांगते, गाळ काढायला माझा विरोध नाही. २०२१ च्या डिसेंबरात गाळासाठी साखळी उपोषण झालं तेव्हा मंडपात बसलेल्यांत मीही होते. नंतर निधी आला, यंत्रं आली, नाम फाउंडेशनसारखी संस्था मदतीला आली. काही ठिकाणी पात्र मोकळं झालं, बेटं गेली, हे डोळ्यांना दिसतं. ज्यांनी केलं त्यांना श्रेय आहेच. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. जो गाळ दर वर्षी काढावा लागतो तो दर वर्षी कुठून तरी येतोय, आणि त्या 'कुठून तरी'वर आजवर कुणी एक रुपया खर्च केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझं माहेर दसपटीतलं, सासर बाजारपेठेतलं. नदीच्या वर आणि खाली दोन्हीकडे माझी माणसं आहेत, त्यामुळे दोन्हीकडची बोलणीही मलाच ऐकावी लागतात. सासरचं धान्याचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला दुकानात पाणी छतापर्यंत गेलं. ते उतरल्यावर शटर वर घ्यायला माणसं लावावी लागली, कारण आतून चिखलाने ते धरून ठेवलं होतं. गल्ल्याच्या खणात, वजनांच्या पेटीत, उधारीच्या वहीच्या पानापानांत तो चिखल शिरला होता. बोटाने चोळला तर रेतीचा एक कण लागत नव्हता, नुसता मऊ, तपकिरी आणि बुळबुळीत. भिंतीवरचा थर वाळून त्याच्या खपल्या निघाल्या आणि पुढे कित्येक दिवस झाडू मारला की त्याचीच धूळ उडायची. मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. त्या चिखलाची एक बरणी शाळेच्या प्रयोगशाळेत नेली आणि पाण्यात ढवळून ठेवली. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच होतं. इतका तो बारीक होता.

आता पोकलेन नदीतून काय काढतं ते बघा. बहादूरशेख नाक्याच्या खाली उभं राहून डंपर भरताना कुणीही बघू शकतं. गोटे, रेव, जाडी वाळू, आणि थोडी माती. पात्रातली बेटं प्रामुख्याने या जाड्या मालाची असतात. तो काढला की पाण्याला वाट मिळते, पुराची पातळी उतरायला मदत होते, हे खरं आहे. पण माझ्या दुकानात जे बसलं ते हे नव्हतं. जाडा माल पुरातसुद्धा तळाशी लोळत, थांबत थांबत येतो. बारीक माती पाण्यात तरंगत एका दिवसात डोंगरावरून खाडीत जाते. दोन्हींची घरं वेगळी असू शकतात आणि दोन्हींवरचे उपायही वेगळे. तुमच्या कागदावर मात्र दोघांचं नाव एकच, गाळ, आणि माप एकच, घनमीटर.

त्याच जुलैच्या पावसात माहेरच्या घरामागचा डोंगर सरकला आणि भाताची खाचरं दरडीखाली गेली. माणसं वाचली. त्याच दिवसांत खेड तालुक्यात पोसऱ्याला आणि महाडजवळ तळियेला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्या घरामागची दरड कुणाच्या बातमीत आली नाही, येण्यासारखी नव्हतीच. पण तिचा राडारोडा अजून वहाळात, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, पडून आहे. दर पावसाळ्यात त्यातला थोडा खाली सरकतो. माझा भाऊ दर गणपतीला मला तो दाखवतो आणि म्हणतो, "हा बघ, तुझ्या बाजारपेठेचा माल."

त्यानंतर खाली एका बैठकीत मी हे ऐकलं की वरची माणसं डोंगर भाजतात, झाडं विकतात, उतारावर नाचणी-वरी करतात, म्हणून शहर बुडतं. बोलणारा मनुष्य वाईट नव्हता. त्याचं दुकानही बुडालं होतं. वर माहेरी गेले की उलटं ऐकायला मिळतं. रस्त्याचा डबर दरीत लोटला, खालच्यांनी नदीत भराव घालून इमारती उठवल्या, आणि आता आम्हाला शिकवतात. दोन्हीकडे खात्री पक्की आहे. पुरावा कुणाकडेच नाही.

संशयितांची यादी प्रत्येकाची वेगळी, आणि खरं सांगायचं तर त्यातलं कुठलंच नाव हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनी आहेत. मालकी रानं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक रान खाजगी, आणि ठेकेदाराने एकदा रान घेतलं की तो पूर्ण उतार साफ करतो. कातासाठी खैर जातो, जळणासाठी बाकीचं. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, परवानगीची पद्धतही आहे. उतार बोडका झाल्यावर मातीचं काय होतं हा प्रश्न मात्र त्या परवानगीत कुठे विचारलेला दिसत नाही. जेसीबीने पायऱ्या पाडून केलेल्या काजू-आंब्याच्या नव्या बागा आहेत. चिरेखाणी आहेत. महामार्गाच्या चौपदरीकरणात परशुराम घाटात उभा कापलेला डोंगर आहे, तो किती वेळा खाली आला हे घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुंभार्ली घाट आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं तेव्हा माणसांबरोबर खालच्या ओढ्याचे काठच्या काठ खरवडून निघाले, ती जखम आहे. खचणारे नदीकाठ आहेत. आणि एक संशयित असा आहे ज्याचं नाव फार कुणी घेत नाही: खाडी. भरतीचं पाणी दाभोळच्या मुखातून आत शिरून गोवळकोटच्या बाजूला चढतं, आणि भरती बरोबर चिखल आणते. खालच्या भागातला थोडा गाळ डोंगरावरून उतरलेलाच नसेल, समुद्राकडून वर आलेला असेल, तर आपण डोंगरावर कितीही बांध घाला, तो येतच राहणार.

कोयनेचंही नाव निघतं. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला मुभा दिलेलं वर्षाचं ६७.५ टीएमसी पाणी पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांतून कोळकेवाडीमार्गे आमच्या नदीत येतं. पुराच्या वेळी त्या पाण्याचा हिशेब हा वेगळा आणि जुना वाद आहे, त्यात मी इथे पडत नाही. पण गाळापुरतं बोलायचं तर ते पाणी आधी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आणि मग कोळकेवाडीत थांबून येतं, म्हणजे त्यातला बराचसा गाळ मागेच बसत असणार. कोयना दोषी की निर्दोष, हेही मोजून सांगता येईल. आज लोक आवाजाच्या जोरावर सांगतात.

हे मोजता येतं, हा या पत्राचा मुद्दा आहे.

गाळाला त्याच्या जन्मगावाच्या खुणा असतात. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरची, जांभ्याची माती लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली, तिच्यातला चुना आणि मॅग्नेशियम हजारो पावसांनी धुऊन नेलेला. घाटाच्या कड्याखालचा ताजा काळा कातळ किंवा रस्त्याच्या कटाईतला मुरूम कुजलेला कमी, म्हणून त्याची रासायनिक घडण वेगळी, चुंबकीय गुणही वेगळे. खाडीच्या चिखलात मीठ आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची कवचं. वरच्या प्रत्येक ठिकाणची माती आधी तपासायची, मग नदीतल्या गाळाची तीच तपासणी करायची आणि गणिताने विचारायचं की या मिश्रणात कुणाचा वाटा किती. आमच्या दुकानात जुना हमाल तांदळाच्या पोत्यात हात घालून सांगायचा की यात कुठला माल किती मिसळलाय. तत्त्व तेच आहे, फक्त इथे हाताऐवजी यंत्र आहे आणि उत्तराबरोबर 'इतक्या ते इतक्या टक्क्यांच्या दरम्यान' अशी प्रामाणिक कबुली येते.

दुसरी खूण मला शिकवायला फार आवडायची. १९५० आणि ६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यातून उडालेलं सीझियम-१३७ पावसाबरोबर जगभर खाली आलं, सगळ्यात जास्त १९६३ च्या आसपास. ते मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटतं आणि वरच्या वीतभर थरातच राहतं. म्हणून शेताच्या किंवा रानाच्या वरच्या थरातून वाहून आलेल्या मातीत सीझियम सापडतं. दरडीतून, रस्त्याच्या खोल कटाईतून, खचलेल्या काठातून आलेल्या मातीत ते जवळजवळ नसतं, कारण त्या मातीने १९६३ चा पाऊस पाहिलेलाच नाही. नाचणीवाला शेतकरी आणि डोंगर कापणारा ठेकेदार यांच्यातला वाद या एका खुणेने बराच पुढे सरकू शकतो.

तिसरी खूण पिकांची. नाचणी, वरी आणि आमच्याकडची बहुतेक गवतं हवेतला कार्बन ज्या रीतीने घेतात ती झाडांची आणि भाताची रीत नाही. त्यामुळे त्यांच्या मुळा-पानांतून मातीत गेलेल्या कार्बनच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण वेगळं पडतं. वरकस उतारावरची माती आणि जंगलाची माती यांत फरक करता येतो तो यावरून. मात्र गवताळ सडा आणि नाचणीचं शेत या खुणेत सारखे दिसू शकतात, मग मुळांतल्या मेदाम्लांची जास्त बारीक तपासणी लागते. एकाच खुणेवर भिस्त ठेवली तर फसगत होते, म्हणून जाणकार चार-पाच खुणा एकत्र वापरतात.

आपल्याकडे हे युरोपइतकं सोपं नाही, हेही मान्य. विषुववृत्ताच्या बाजूला सीझियम मुळात कमी पडलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे तीस वर्षं; म्हणून पडलं त्यातला जेमतेम चौथा हिस्सा आज शिल्लक. त्यात आमचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर. सड्यावरची माती कधीच धुऊन गेली असेल तर तिथे सीझियमही नसेल. वर्षभराच्या गाळातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टच्या मोजक्या दिवसांत वाहतो, आणि नेमक्या त्या दिवशी नमुना घ्यायला कुणी नदीवर जाऊ शकत नाही. पण त्यावरही साधा उपाय आहे. दोन्ही तोंडं बंद केलेला पीव्हीसीचा जाड पाइप, त्याला पुढे-मागे बारीक नळी. पाणी बारीक तोंडातून आत शिरतं, पाइपात त्याचा वेग पडतो, माती बसते, पाणी मागून निघून जातं. खांबांना बांधून ठेवला की महिनाभराचा गाळ तो स्वतः जमवतो. असा पाइप नववीची मुलं तयार करतील, त्याला कुठली जागतिक निविदा काढावी लागत नाही.

हे सगळं कुठेतरी परदेशातलं, असं कुणी म्हणू नये. मुंबई बंदरातून काढून समुद्रात टाकलेला गाळ परत बंदरात येतो का, हे शोधायला आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी किरणोत्सारी स्कँडियमने गाळाचा माग काढला, त्याला सहा दशकांहून जास्त काळ झाला. जहाजांसाठी जे केलं ते माणसांच्या गावासाठी करायला काय हरकत आहे? खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून आहे, नाशिकला मेरी ही महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ, गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. चिपळूणहून यातलं काहीच एका दिवसाच्या प्रवासापेक्षा लांब नाही.

अंदाज आणि मोजमाप यांत किती अंतर पडू शकतं याचं एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला बर्डेकिन नदी समुद्रात गढूळ पाणी सोडते आणि ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळांना त्याचा त्रास होतो. बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष कुरणांच्या वरच्या थराकडे होतं. गुरं चरतात, गवत जातं, माती वाहते, हे पटण्यासारखंच होतं. मग गाळाच्या खुणा तपासल्या, आणि बारीक गाळातला बहुतेक भाग वरच्या थराचा नसून खोल मातीचा, म्हणजे घळींचा आणि खचत्या काठांचा निघाला. त्यानंतर तिथे घळी बांधण्यावर पैसा जायला लागला. आमच्याकडेही असंच निघेल असं मी म्हणत नाही. वाशिष्ठी म्हणजे बर्डेकिन नव्हे. माझ्या माहेरच्या माणसांचाच वाटा मोठा निघाला तरी मी तो कागद भावाच्या हातात देईन.

आता माझ्या तक्रारी. त्या नावानिशी कुणावर नाहीत, पद्धतीवर आहेत.

गाळ किती काढला याचे घनमीटर तुम्ही सांगता, ठेकेदार ब्रास सांगतो, आणि दोन्ही आकडे कधी जुळतात कधी नाही. पण काढलेल्यात गोटे किती, वाळू किती, चिकणमाती किती, याची चाचणी कुठल्या टप्प्यावर झाली? चाळणीच्या चाचणीला फार खर्च येत नाही, बांधकामाच्या साइटवर रोज होते. ती नाही म्हणून काढलेला माल किती किमतीचा होता हेही कुणाला कळत नाही, आणि मग लोक नको ते बोलतात. पारदर्शकता ठेवली असती तर तुमचंही डोकं शांत राहिलं असतं.

काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवायचा आणि मृगाच्या आधी उचलायचं राहून जायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या मोठ्या सरीला त्या ढिगाचा पायथा नदी घेऊन जाते. पुढच्या वर्षी तोच गाळ पुन्हा मोजला जातो का, हा प्रश्न विचारला की बैठकीत सगळे हसतात. मी विनोद केला नव्हता. आणि जो गाळ उचलला गेला त्यातला काही भराव म्हणून पूररेषेच्या आतच सखल जागांत पडला. ज्या जागेत पुराचं पाणी पसरायचं ती जागा पुराच्याच गाळाने भरायची, याला काय म्हणावं? निळ्या-लाल पूररेषांवरून आमच्या घराची एक वीट हलवू देत नाही, आणि डंपर मात्र त्या रेषा ओलांडून रिकामे होतात.

पाणी एका खात्याचं, रस्ता दुसऱ्याचा, झाडं तिसऱ्याची, खाणी चौथ्याच्या, दरडीची यादी पाचव्याकडे. माती यातल्या प्रत्येकाच्या हद्दीतून वाहत येते आणि शेवटी नगरपरिषदेच्या गटारात बसते. २०२१ नंतर दरडीच्या धोक्याची गावं तपासली गेली, लोकांना स्थलांतराच्या नोटिसा आल्या. ते गरजेचंच होतं. पण पडून गेलेल्या दरडींचा राडारोडा कुठल्या वहाळात किती अडकलाय, तो पुढच्या किती पावसाळ्यांत खाली येईल, याचा एकही नकाशा मला कुठे बघायला मिळाला नाही. तो नसताना 'पाच वर्षांत नदी गाळमुक्त' असलं काही जाहीर करणं धाडसाचं आहे.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. मोजमाप नसलं की दोष सगळ्यात कमकुवत माणसावर जाऊन बसतो. डोंगरउतारावर चार पायली नाचणी पिकवणारा मनुष्य बैठकीला येत नाही, वकील लावत नाही, पत्रकारांना फोन करत नाही. जनजागृतीच्या फलकावर त्याचं चित्र येतं, हातात कोयता. डोंगराला पोकलेन लावणाऱ्याचं चित्र फलकावर मी अजून पाहिलेलं नाही.

मागण्या साध्या आहेत.

एक. येत्या जूनपासून निदान तीन पावसाळे वाशिष्ठीच्या पूर्ण खोऱ्यात गाळाच्या उगमाचा अभ्यास करा. वरच्या ओढ्यांपासून कोळकेवाडीखालचं पाणी, शिव नदी, बहादूरशेख नाका, गोवळकोट, आणि पुढे जगबुडी मिळते तिथपर्यंत. जगबुडीचं खोरं धरलंत तर खेडकरांचेही आशीर्वाद मिळतील. काम सरकारी संशोधन संस्थांकडे आणि विद्यापीठाकडे द्या. गाळ काढण्याच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे अशा सल्लागाराकडे नको. पैसा वेगळा शोधू नका, गाळ काढण्याच्या निधीतलाच एक छोटा हिस्सा त्यासाठी राखा.

दोन. यंदापासून प्रत्येक टप्प्यावर काढलेल्या मालाची कणांच्या आकारानुसार चाचणी, आणि तो कुठे टाकला त्याचा नकाशा. दोन्ही नगरपरिषदेच्या फलकावर, मराठीत.

तीन. काढलेला गाळ ३१ मेपर्यंत पूररेषेच्या बाहेर गेलाच पाहिजे. जो ढीग राहील त्याचं बिल नाही.

चार. अभ्यास संपेपर्यंत थांबून राहायचं कारण नाही अशी काही कामं आहेत. रस्त्याच्या आणि खाणीच्या राडारोड्यासाठी परवान्यांत ज्या अटी आधीच छापलेल्या आहेत त्या पाळल्या जातात का, एवढं बघा. वहाळांत अडकलेल्या दरडींची पाहणी करून त्यांची यादी करा. ड्रोन आहेत, तरुण अभियंते आहेत.

पाच. निकाल काहीही येवो, तो आधी वरच्या गावांच्या ग्रामसभांत वाचून दाखवा आणि मग शहरात जाहीर करा. दसपटीतल्या लोकांना आपल्यावरचा ठपका किंवा आपली सुटका वर्तमानपत्रातून कळू नये. ठपका आलाच तर त्याबरोबर बांधबंदिस्तीचा पैसाही यावा. त्यांनी पोटापुरती नाचणी केली, चैन केलेली नाही.

सहा. चौथ्या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसा त्या निकालाप्रमाणे वाटा. दरडींचा वाटा मोठा असेल तर दरडींवर, काठांचा असेल तर काठांवर, खाडीचा असेल तर मग गोवळकोटला दर वर्षी काढायचाच आहे हे सरळ मान्य करून त्याची कायमची तरतूद करा.

मला माझ्या अर्जाचं आणखी एक उत्तर नको. पाइप जूनच्या पहिल्या आठवड्याआधी खांबांना बांधलेले हवेत, नंतर पाण्याचा जोर वाढला की कुणी पात्रात उतरू शकणार नाही. वरच्या ओढ्यांवर खांब कुठे धरतील त्या जागा माझ्या भावाला माहीत आहेत. तुमचा माणूस आला तर तो बरोबर फिरेल. पाइप तयार करायला शाळेतली मुलं मी गोळा करते.

कळावे,

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
बाजारपेठ, चिपळूण